माळ्यावर ठेवलेले फटाक्यांचे खोके

सातारा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आवरून इथे देते.

“आमचं किराण्याचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. यंदा मोठ्या दिरांनी आणि यांनी मिळून दिवाळीत फटाक्यांचा स्टॉल टाकायचं ठरवलं. एजंटामार्फत शिवकाशीचा माल आला आणि सगळे खोके आमच्या पोटमाळ्यावर ठेवले. परवान्याचा अर्ज अजून करायचा आहे. मी भीती वाटते म्हटलं, तर भाऊजी म्हणाले, परवाना आला की सगळं कायदेशीर होतं, आणि निम्मा माल तर फुलबाज्या नि भुईनळे आहेत. बाजारपेठेत सगळे असंच ठेवतात. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही. मोठा मुलगा नववीत आहे, त्याला स्टॉलवर बसवायचं ठरलंय. मला घरात भांडण नको आहे, पण रात्री झोप लागत नाही. मी काय करू?”

ताई,

तुमची झोप उडाली ती योग्य कारणासाठीच. घरातले सगळे “काही होत नाही” म्हणत असले की आपणच तेवढे घाबरट आहोत असं वाटू लागतं. तसं वाटून घेऊ नका. तुमच्या घरात या घडीला सगळ्यात व्यवहारी विचार तुम्हीच करताय.

पहिलं काम म्हणजे ते खोके माळ्यावरून हलले पाहिजेत, आणि तेही परवान्याची वाट न पाहता. भाऊजींचा हिशेब नेमका इथेच चुकतो. फटाक्यांचा परवाना म्हणजे एखाद्या माणसाला माल कुठेही बाळगायची दिलेली मुभा नव्हे. अमुक मैदानातला अमुक गाळा, तिथे इतका माल, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, असा तो जागेला बांधलेला असतो. उद्या स्टॉलचा परवाना हातात आला तरी त्याने मैदानातला माल कायदेशीर होईल. तुमच्या माळ्यावरचा होणार नाही.

घराला वेगळा परवाना काढू म्हटलं तरी मिळायचा नाही. स्फोटक नियम, 2008 मध्ये फटाक्यांच्या कायमच्या दुकानाला काय काय लागतं ते स्पष्ट लिहिलं आहे. बांधकाम विटांचं, दगडाचं किंवा काँक्रीटचं हवं. जागा तळमजल्यावर हवी, 9 चौरस मीटरपेक्षा लहान नको आणि 25 पेक्षा मोठी नको. तळघर नको, पोटमाळा नको. वर माणसं राहत असतील अशा इमारतीत नको, जिन्याखाली किंवा जिन्याजवळ नको, आणि अडचणीच्या वेळी बाहेर पडायला वेगळं दार हवं. तुमच्या घराशी हे ताडून पाहा. जे जे नको म्हटलंय त्यातलं बहुतेक सगळं तुमच्याकडे आहे, आणि खाली तेलाचे डबे, काडेपेट्या, कापूर नि प्लास्टिकची पोती आहेत ती वेगळीच. विनापरवाना स्फोटक बाळगण्याला किंवा विकण्याला 1884 च्या स्फोटक कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पण खरं सांगायचं तर मला तुमच्यासाठी कैदेची काळजी वाटत नाही, जिन्याची वाटते.

“निम्मा माल फुलबाज्यांचा” हे वाक्य मी फार ठिकाणी ऐकलं आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. फुलबाजी वाजत नाही म्हणून ती निरुपद्रवी, असा आपला समज असतो. जळत्या फुलबाजीच्या टोकाचं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं. एकटी जळते तेव्हा आपण तिला हातभर लांब धरतो. पण शेकडो पुडे खोक्यात एकावर एक दाबून ठेवले आणि एकाने पेट घेतला, तर बाकीचे विझवायला वेळच मिळत नाही. साध्या आगीवर आपण गोधडी टाकतो, वाळू टाकतो, म्हणजे हवा तुटते आणि आग मरते. फटाक्याच्या दारूत प्राणवायू पुरवणारं रसायन आधीच मिसळलेलं असतं. तिला बाहेरची हवा लागत नाही. गोधडीखालीही ती जळत राहते, आणि बंद खोलीत वायू नि उष्णता कोंडली की जे नुसतं जळलं असतं ते फुटतं.

8 डिसेंबर 2023 ला पिंपरी-चिंचवडजवळ तळवड्यात जी आग लागली ती बॉम्बच्या कारखान्यात नव्हती. केकवर लावतात त्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या तिथे परवान्याशिवाय बनवत होते. सहा बायका जागीच गेल्या, आणि नंतर रुग्णालयात आणखी जीव गेले. वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती, ताई. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंगळूरुजवळ अत्तीबेले इथे फटाक्यांच्या दुकान-गोदामात दिवाळीचा माल उतरवून घेत असताना आग लागली आणि आत अडकलेली माणसं बाहेर येऊ शकली नाहीत. 1 एप्रिल 2025 ला गुजरातेत डीसा इथल्या गोदामात स्फोट झाला, एकवीस जण गेले. त्या गोदामाचा परवाना आधीच्या डिसेंबरअखेर संपलेला होता. ही नावं तुम्हाला आणखी घाबरवायला देत नाही. घरात कुणी “कुठे काय होतं?” म्हणालं तर तुमच्याकडे सांगायला काही असावं, म्हणून देते.

आता खोके हलवायचे कसे? ते नदीत किंवा विहिरीत टाकू नका, आणि एकत्र ढीग करून जाळायचा विचार तर चुकूनही नको. ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून किंवा एजंटाकडून माल आला त्याला यजमानांनी फोन करावा. परवाना न पाहता त्याने माल दिला ही त्याचीही चूक आहे आणि त्याला ती ठाऊक आहे. म्हणूनच “माल तुमच्या परवानाधारक गोदामात परत घ्या, आमचा परवाना झाला की थेट मैदानावर पोचवा” हे म्हणणं तो सहज टाळू शकणार नाही. नेणं-आणणं त्याच्याच वाहनातून होऊ द्या. तुमच्या रिक्षात, जीपमध्ये माणसांबरोबर नको, एसटीत नको, आणि रेल्वेत तर तो सरळ गुन्हा आहे. रेल्वे कायद्याच्या कलम 164 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माल उतरवताना दिवसाउजेडी उतरवा. खालचं दुकान त्या वेळी बंद, वरचा गॅस बंद, विडी-सिगारेट कुणाच्याही हातात नाही, खोके ओढायचे नाहीत, वरून फेकायचे नाहीत. मुलांना आणि सासूबाईंना तेवढा वेळ शेजारी नेऊन बसवा. व्यापाऱ्याने टाळाटाळ केली तर यजमानांनी स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन माल कुठे ठेवावा ते विचारावं. स्वतःहून विचारायला गेलेला माणूस आणि आगीनंतर सापडलेला माणूस यांना वागणूक सारखी मिळत नाही.

तोवरची एखादी रात्र काढावी लागली तर माळ्याच्या खोलीतला दिवा लावू नका, तिथला बोर्ड मेनमधून बंद ठेवा, आणि त्या खोलीखालून उदबत्तीही फिरवू नका. सासूबाईंचं अंथरूण खालच्या मजल्यावर, दाराजवळ घाला. कारण काय ते त्यांना सांगितलंत तरी चालेल. त्या घरातल्या मोठ्या आहेत, आणि माझा अंदाज आहे की त्या तुमच्या बाजूने बोलतील.

भांडण नको म्हणता ते मला समजतं. मोठ्या दिरांना उलट बोलणं म्हणजे धंद्याला अपशकुन केल्यासारखं घेतलं जाईल, ही धास्तीही समजते. म्हणून “फटाके विकू नका” असं म्हणूच नका. स्टॉल टाका, चार पैसे मिळवा, पण माल घरात नको, एवढंच तुमचं म्हणणं आहे आणि तेवढंच मांडा. आधी यजमानांशी एकटं बोला. सगळ्यांसमोर विषय निघाला तर कायद्याची कलमं बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: रात्री दोनला खाली आग लागली तर आईंना कोणत्या वाटेने बाहेर काढायचं, आणि कोण काढणार? उत्तर येईपर्यंत गप्प बसा. दुकानाचा विमा असेल तर आणखी एक गोष्ट सांगता येईल. किराण्याच्या नावाने विमा उतरवलेल्या जागेत फटाके साठवलेले निघाले तर कंपनी दावा नाकारू शकते. जळेल ते सगळं दुकान असेल, नुसता फटाक्यांचा माल नाही. व्यापारी माणसाला हे लगेच कळतं.

“सगळे असंच ठेवतात” याला मात्र उत्तर द्यायची गरज नाही. तुमच्या घरात तुम्ही राहता, सगळे राहत नाहीत.

आता स्टॉलबद्दल, कारण तो नीट झाला तर घरातला तंटाही मिटेल. दिवाळीपुरता तात्पुरता परवाना जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी देतात. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत तो पोलिसांकडून मिळतो. अर्जाची मुदत जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी असते आणि तिचं प्रकटन दिवाळीच्या बरंच आधी निघतं, म्हणून यजमानांनी उद्याच तहसील नाहीतर प्रांत कार्यालयात जाऊन तारीख विचारावी. जागेचा नकाशा, जागामालकाची किंवा ग्रामपंचायत-नगरपालिकेची संमती, पोलीस नि अग्निशमन यांचे ना-हरकत दाखले, हे जमवायला दिवस जातात. मुदत गेली असेल तर यंदा स्टॉल नाही, हे मान्य करावं लागेल. माल परत करून थोडा तोटा सोसणं, हा या वर्षीचा सर्वात स्वस्त पर्याय ठरेल.

बाजारपेठेत, आपल्याच दुकानापुढे टेबल टाकून विकू, असं भाऊजी म्हणतील. तात्पुरत्या दुकानाचे नियम त्याला जागाच ठेवत नाहीत. शेड न जळणाऱ्या वस्तूंचं हवं, म्हणजे पत्र्याचं. कापडी मंडप चालत नाही. दोन शेडमध्ये किमान 3 मीटर मोकळं हवं, आणि घरं, शाळा, दवाखाने, देवळं अशा संरक्षित ठिकाणांपासून 50 मीटर. शेड एकमेकांसमोर तोंड करून उभी करायची नाहीत. एका ठिकाणी पन्नासापेक्षा जास्त दुकानं नकोत. आत किंवा आसपास समई, कंदील, गॅसबत्ती काहीही नको, अगदी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही नको. विजेचे दिवे भिंतीला किंवा छताला पक्के बसवलेले हवेत, वायरीला लोंबकळणारे नकोत, आणि प्रत्येक रांगेला एक मुख्य खटका हवा. शेडपासून 50 मीटरच्या आत फटाका उडवून दाखवायचा नाही. गिऱ्हाईक “एक वाजवून दाखवा” म्हणेल, त्याला नाहीच म्हणायचं.

हे आकडे उगाच आलेले नाहीत. 29 ऑक्टोबर 2016 ला, ऐन दिवाळीत, औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जिल्हा परिषद मैदानावरच्या फटाका बाजाराला आग लागली आणि शंभराहून जास्त स्टॉल बघता बघता जळाले. मैदान मोकळं होतं, लोक पळू शकले. तीच रांग अरुंद बाजारपेठेत, वर घरं असलेल्या गल्लीत असती तर काय झालं असतं, हे मला लिहवत नाही. ते 3 मीटर पत्र्याला पत्रा लावून भाड्यापोटी वाचवायला जातात आणि पहिली ठिणगी तिथूनच पुढे जाते. शेजारच्याने अंतर खाल्लं असेल तर यजमानांनी त्याच्याशी बोलावं. ऐकलं नाही तर पालिकेच्या माणसाला सांगावं. त्यात वाईटपणा काही नाही. शेडजवळ पाण्याचं पिंप, वाळूच्या बादल्या आणि चालू स्थितीतलं अग्निशामक नळकांडं हवं, आणि ते कसं वापरायचं हे स्टॉलवरच्या प्रत्येकाला आधीच दाखवून ठेवलेलं हवं.

मालही एकदा तपासून घ्या, आणि ते व्यापाऱ्याकडे परत जाण्याआधी यादीवरूनच करा, खोके उघडू नका. सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑक्टोबर 2018 च्या आदेशात फक्त कमी प्रदूषण करणारे, म्हणजे ज्यांना आपण हरित फटाके म्हणतो ते, विकायला परवानगी ठेवली. बेरियमचे क्षार वापरलेले फटाके आणि एकात एक जोडलेल्या माळा यांवर बंदी घातली, ऑनलाइन विक्रीही बंद केली. 2021 मध्ये बेरियमबद्दल पुन्हा बजावलं, आणि 2023 मध्ये हे देशभर सगळ्यांना लागू आहे असंही स्पष्ट केलं. त्यामुळे हजाराची, दहा हजाराची लड दुकानात ठेवूच नका. जुन्या पद्धतीच्या फुलबाजीत आणि भुईनळ्यात बेरियम नायट्रेट असतं, म्हणजे भाऊजी ज्या मालाला साधा समजतायत त्यातलाच काही बंदीत बसायची शक्यता आहे. हरित फटाक्याच्या पाकिटावर नागपूरच्या नीरी संस्थेचा लोगो आणि क्यूआर कोड असतो. परवान्यांची मुख्य कचेरी, पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, तीही नागपुरातच आहे. दोन्ही आपल्याच राज्यात आहेत आणि तरी आपल्याला त्यांची नावं आगीनंतरच्या बातमीत पहिल्यांदा कळतात. आवाजाची मर्यादा फुटण्याच्या जागेपासून 4 मीटरवर 125 डेसिबल अशी आहे. बनवणाऱ्याचं नाव नसलेला, परदेशी अक्षरांचा स्वस्त माल अजिबात घेऊ नका. चोरून येणाऱ्या अशा मालात पोटॅशियम क्लोरेट सापडतं. क्लोरेट आणि गंधक यांचं मिश्रण आपल्याकडे 1992 पासून बंद आहे, कारण ते नुसत्या घर्षणाने किंवा दणक्यानेही पेटू शकतं. तसं एक खोकं जिन्यावरून निसटलं तरी पुरे.

मुलाला स्टॉलवर बसवू नका. इथे मी सौम्यपणे सांगणार नाही. फटाक्यांच्या परवाना असलेल्या जागेत अठरा वर्षांखालच्या कुणालाही कामाला ठेवता येत नाही, आणि घरचा मुलगा म्हणून आग त्याला सूट देत नाही. चौदा-पंधरा वर्षांचं पोर धोका ओळखतं, पण मित्र समोर आले की ते विसरतं. त्याला धंदा शिकवायचा असेल तर किराण्याच्या दुकानात बसवा, उधारीची वही सांभाळू द्या. आणि त्याच्या मोबाइलवर पाइपातून कार्बाइड उडवायच्या चित्रफिती येत असतील तर त्याही एकदा त्याच्याबरोबर बसून बघा. 2025 च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपास अशा कार्बाइड बंदुकांनी कितीतरी मुलांचे डोळे गेले. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि पेटला की प्लास्टिकचा पाइप फाटतो. पेटला नाही म्हणून मुलं पाइपात डोकावतात, आणि तेव्हाच तो पेटतो.

वाजवण्याबद्दल थोडक्यात. 2018 च्या आदेशाप्रमाणे दिवाळीत रात्री 8 ते 10 ही वेळ, आणि दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्या भोवती 100 मीटरपर्यंत शांतता. तुमच्या जिल्ह्यात यापेक्षा कडक आदेश निघाला तर तो पाळायचा. सुती कपडे, ओढणी-पदर खोचलेला, बाजूला पाण्याची भरलेली बादली. वाजला नाही तो फटाका पुन्हा पेटवायचा नाही, वाकून बघायचा नाही. बराच वेळ थांबून लांबूनच पाणी ओतायचं. बाटलीत, डब्यात, मडक्यात बॉम्ब ठेवायचा नाही, कारण त्याच्या कपऱ्या गोळीसारख्या उडतात. विझलेल्या फुलबाजीची तार बादलीत टाकायची. अंगणात अनवाणी पायाला भाजतं ते बहुतेक वेळा त्या तारेनेच.

भाजलं तर नळाचं साधं वाहतं पाणी वीस मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शाई नको. हातातल्या बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आत काढा, फोड फोडू नका, स्वच्छ कपड्याने सैल झाका. डोळ्याला लागलं तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, घरातलं कुठलंही औषध घालायचं नाही. कागदी पेल्याचा तळ डोळ्यावर हलकेच टेकवून चिकटवा आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. आगीला 101, रुग्णवाहिकेला 108, काहीच सुचलं नाही तर 112. हे तीन आकडे सासूबाईंच्या उशाशीही लिहून ठेवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण ती दिवाळीनंतर पुढे येईल. भाऊबीज झाली की उरलेले खोके पुन्हा त्याच माळ्यावर चढतील, “तुळशीच्या लग्नाला खपतील, लग्नसराईत खपतील, नाहीतर पुढच्या वर्षी” म्हणून. तात्पुरत्या परवान्यावरची तारीख संपली की उरलेला मालही विनापरवाना होतो, आणि पावसाळाभर ओल खाल्लेली दारू कशी वागेल याचा भरवसा नसतो. उरलेला माल परत घेण्याचं घाऊक व्यापाऱ्याकडून आताच लेखी करून घ्या, बिलावरच लिहून घ्या. यजमान व्यापाऱ्याला फोन करतील त्याच फोनवर हेही बोलून टाकायला सांगा.